पट्टी भरेपर्यंत

बरोब्बर सहाला मिस्ड कॉल आला. गुरुनाथने चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि देवरूखला आईला फोन लावला.

"गुरू, अपडेट आलंय रे," आई म्हणाली.

"परत?"

"परत म्हणजे काय, आलंय. दोन पॉइंट चार. करू का चालू?"

"कर," म्हणत गुरुनाथने कपाळावर हात मारून घेतला.

डबे भरता भरता स्मृतीला हसू आवरेना. नवऱ्याचं कामच मुळी ते. रियाधच्या एका बँकेचं नवं सॉफ्टवेअर लाखो फोनांवर बिनबोभाट पोचवायचं. आणि घरचं ॲप मात्र रोज खोटी दवंडी पिटतंय!

"दिव्याखाली अंधार," ती पुटपुटली.

ॲप त्यानंच बनवलेलं. बाबा गेल्यावर आई एकटी पडली, रक्तदाबाची गोळी विसरायला लागली. म्हणून रोज साडेआठला, म्हणजे रियाधच्या सहाला, तिचा फोन वाजेल अशी सोय केली. मग स्मृतीच्या आईने मागितलं, ऑफिसातल्या उन्मेषच्या वडिलांनी मागितलं. आणि तिथंच गुरुनाथने गाढवपणा केला. सर्व्हरवर आकडा लिहिला दोन पॉइंट चार, ॲपच्या पोटात मात्र राहिला दोन पॉइंट तीन. ॲपला वाटे, आपण जुने झालो. नवं उतरवावं, तर त्याच्याही पोटात तोच जुना आकडा. झालं! सगळ्या म्हाताऱ्या मंडळींना रोज सकाळी 'अपडेट आलं'.

दसऱ्याला त्याने आकडे जुळवले. सगळ्यांचे फोन गप्प झाले, आईचाही. गुरुनाथ म्हणाला, खलास, सुटलो. दिवाळी झाली आणि आईचं पुन्हा सुरू. फक्त आईचंच.

तीन महिने तो डोकं फोडत होता. आकडे जुळतात, बाकी कुणाची तक्रार नाही, मग हिच्याच फोनला काय धाड भरलीय? त्यात तिकडच्या नेटचं काही खरं नाही म्हणे. व्हॉट्सॲपवर आई लागायची नाही, मिस्ड कॉल द्यायची, मग हा साधा फोन लावायचा.

"फोन ठेवू नको हं," आई आता म्हणाली. "ती अपडेटची पट्टी भरेपर्यंत थांब. मधेच अडकली तर मला नाही बाबा कळायचं."

"थांबलोय. गोळी घेतलीस?"

"घेतली. अरे, मांजरीने या वेळी पिल्लं कुठं घातली असतील सांग? तुझ्या बाबांच्या छत्रीत!"

मग पोफळी झाल्या, शेजारणीचं गुडघेदुखीचं तेल झालं, परसातला फणस झाला. मधूनच "निम्मी भरली हं पट्टी," असंही सांगून झालं.

एरवी आई फोनवर बोलणाऱ्यातली नव्हेच. याने आपणहून लावला, की "बरी आहे. जेवलास? ठेव, कामं असतील तुला." अर्ध्या मिनिटात आटोपलं. बाबा गेल्यापासून तर तेवढंही नाही. बोलणंच विसरेल ही, अशी त्याला धास्ती वाटायची. तेव्हा या दहा मिनिटांचा त्याला राग नव्हता. राग होता स्वतःचा. सत्तरी उलटलेल्या बाईने रोज चष्मा लावून पट्टी बघत बसायचं, ते याच्या चुकीपायी!

"आई, फोनच जुना झालाय तुझा. नवा पाठवतो. ही कटकट कायमची संपेल."



"कशाला रे? आहे तो बरा आहे की."

"अगं, पण रोज सकाळी..."

"मला नाही त्रास. तुला होतो का?"

"छे गं."

"मग झालं तर. भरली बघ पट्टी. ठेवते."

पण गुरुनाथ कसला ऐकतोय! त्याच आठवड्यात रियाधमधल्या बथ्थ्याच्या बाजारातून त्याने मोठ्या अक्षरांचा फोन घेतला. उन्मेष सुट्टीवर निघाला होता, त्याचं गाव देवरूखपासून तासाभरावर.

"आईला आधी सांगू नकोस," गुरुनाथने बजावलं. "हातात दे, ॲप घालून दे. आणि जुना फोन घेऊन ये. उघडून बघतोच काय भूत बसलंय आत."

पुढच्या सोमवारी सहाला मिस्ड कॉल आला. गुरुनाथने फोन लावला.

"गुरू, अपडेट आलंय रे."

"कर चालू," गुरुनाथ म्हणाला. आज उन्मेष नवा फोन घेऊन पोचणार, म्हणजे हा शेवटचाच दिवस, म्हणून तोही निवांत बसला.

छत्रीतल्या पिल्लांचे डोळे उघडले होते. त्यातलं एक थेट बाबांसारखं आळशी होतं. गुरुनाथ मोठ्याने हसला. तेवढ्यात तिकडे फाटक वाजलं.

"कोण रे बाबा? उन्मेष? अगो बाई, ये ये! बस, चहा टाकते. गुरू, ठेवू नको हं, अर्धीच भरलीय पट्टी!"

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. आईची पावलं आत गेली. मग कुणीतरी फोन उचलला.

"गुरू, उन्मेष बोलतोय." त्याचा आवाज एकदम खाली आला. "अरे, कसली पट्टी भरतेय? हा तर साधा बटणांचा फोन आहे. नवा आणलाय म्हटल्यावर शेजारीण मला फाटकाबाहेरच म्हणाली, काकूंचा आधीचा दिवाळीत विहिरीत पडला."

गुरुनाथ मनातल्या मनात दिवाळीपासूनचे महिने मोजत राहिला.

"हॅलो? अरे, नवा काढू ना बाहेर?"

"नको," गुरुनाथ म्हणाला. "पिशवीतच राहू दे. आणि हा होता तिथं ठेव."

पावलं परत आली. कपबश्या वाजल्या.

"गुरू, आहेस ना रे?"

त्याने डोळे पुसले.

"आहे ना. किती भरली गं पट्टी?"