चाळीस सेकंदांची धार

सकाळी दहाला तनुजानं दार उघडलं, तेव्हा बाहेर इमारतीतली चार माणसं उभी होती. पुढं हेमचंद्रकाका, सोसायटीचे सचिव. त्यांनी हातातला मोबाईल तिच्यासमोर धरला.

"हे तुमचंच स्वयंपाकघर ना?"

मोबाईलवर तनुजा मेथी धुत होती. पाण्याची स्वच्छ धार जुडीवर पडत होती, पानं चमकत होती. खाली लोकांनी लाल बदाम टाकले होते.

"माझंच. परवा टाकलाय व्हिडिओ. का?"

"चाळीस सेकंद," मागून कालिंदी म्हणाली. ती समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची, शाळेत गणित शिकवायची. "मी मोजलंय. चाळीस सेकंद नळ चालू आहे तुझा. तोही दुपारी तीनला. मागच्या घड्याळात दिसतंय."

तनुजाच्या लक्षात आलं. शहराबाहेर, बीड बायपासच्या पलीकडं ही इमारत उभी राहून चार वर्षं झाली होती, महापालिकेची पाइपलाइन अजून आली नव्हती. यंदा बोअरही मार्चमध्येच आटलं. टँकर येऊन खालची टाकी भरायचा आणि सकाळी अर्धा तास पाणी सुटायचं. गेल्या महिन्यापासून मात्र टाकी रोज रात्रीतून हातभर उतरत होती. गळती सापडली नाही. कुणीतरी चोरून पाइप जोडलाय, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुणी, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

"तुमच्या फ्लॅटचं पाणी बंद करायचं ठरलंय," काका म्हणाले. "शिवमरावांना कळवा."

शिवम, तिचा नवरा, वाळूजला कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता. घरात ती आणि सासू, मनकर्णाबाई.

"आधी आत या," तनुजा म्हणाली. "बघा, अन् मग काय ते बंद करा."

चौघं चपला घालूनच आत शिरले. तिसऱ्या मजल्यावरच्या बन्सीनं ओट्याखाली डोकं घालून पाइप चाचपले. तळमजल्यावरच्या पुंडलिकरावांनी नळ सोडला. नळातून नुसती हवा फुसफुसली.

"मग ही धार कुठली?" काकांनी मोबाईल पुन्हा वर केला.

"काका, तो व्हिडिओ लावा परत. अन् त्यात मला नळ दाखवा."

काकांनी व्हिडिओ लावला. चारही डोकी वाकली. धार होती, मेथी होती, तनुजाचे हात होते. नळ कुठंच नव्हता.

"आत्याबाई, जरा या हो," तनुजानं सासूला हाक मारली.

मनकर्णाबाई आतून आल्या. काय करायचं ते त्यांनी विचारलं नाही. पदर खोचला, स्टुलावर चढल्या, एका हातानं भिंत धरली आणि दुसऱ्या हातात चहाची मोठी किटली घेतली. तनुजानं फळीवरून कॅमेरा काढला.

हा कॅमेरा तिनं स्वयंपाकाच्या व्हिडिओंसाठी दिवाळीत शहागंजच्या बाजारातून आणला होता. दुकानदार मोठमोठ्या भिंगांचे कॅमेरे काढून दाखवत होता. तिनं तीनच गोष्टी विचारल्या होत्या. एकटीनं चित्रण करताना मी मला दिसेन का, भाजी शिजेपर्यंत मधेच बंद पडणार नाही ना, आणि फोडणीच्या वाफेनं खराब तर होणार नाही? त्यानं मग मुठीएवढा हा काढला. "भाभी, ये आपके काम का है." खरंच कामाचा निघाला. मोबाईलमध्ये पाणी धुरकट दिसायचं, यात थेंब न् थेंब दिसू लागला.

"सोडा आत्याबाई."

किटलीतून धार पडली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर जणू नळ चालू होता. समोर मात्र सत्तरीची बाई स्टुलावर तोल सांभाळत उभी होती आणि पाणी खालच्या पातेल्यात जमत होतं.

"तेच पाणी परत किटलीत भरलं, परत ओतलं," तनुजा म्हणाली. "मधलं कापून टाकलं. नंतर त्याच पाण्यानं फरशी पुसली, अन् उरलेलं संडासात."

"पण एवढा खटाटोप कशासाठी?" कालिंदीनं विचारलं.

"आधी खरंच दाखवत होते मी, ताई. पातेल्यात भाजी बुचकळायची, तेच पाणी चार भाज्यांना. लोकांनी लिहिलं, शी, किती घाण. एकीनं लिहिलं, नळाखाली धुवायला हिचे हात मोडलेत का. बघणारे निम्म्यावर आले. धार दाखवायला लागले, तेव्हा परत आले."

बन्सीनं गुडघ्यावरची धूळ झटकली.

"तनुजाताई, गैरसमज झाला," काका म्हणाले. मोबाईल त्यांनी खिशात ठेवला. "पण मग टाकीतलं पाणी जातं कुठं?"

"शोधू की." तनुजानं कॅमेरा पुढं केला. "चार्जर लावून ठेवला की हा रात्रभर बंद पडत नाही. खाली टाकीसमोर लावू. सकाळी सगळ्यांनी मिळून बघू. आजच लावायचा का?"

कॅमेरा घ्यायला कुणाचाच हात पुढं आला नाही.

"तिथं बायामाणसांची ये-जा असते," काका म्हणाले. "बरं दिसत नाही ते."

"खाली चार्जरला पॉइंट कुठाय?" बन्सी म्हणाला.

"पॉइंट आहे. मोटारीशेजारी," तनुजा म्हणाली.

पुंडलिकराव घड्याळ बघत दाराकडं सरकले होते.

"राहू दे गं," कालिंदी म्हणाली. "एका इमारतीत राहून एकमेकांवर संशय कशाला घ्यायचा?"

चौघं निघाले. जिन्यात नुसत्या चपला वाजत होत्या, आणि एकेक दार बंद होत गेलं.

तनुजा कॅमेरा हातात धरून उंबऱ्यात उभी होती. मनकर्णाबाई अजून स्टुलावरच होत्या.

"अगं, काय झालं?" त्यांनी विचारलं. "आत्तापस्तोर तर लई बोलू लागले होते."