भिंतीवरचे ठोके

"बंद कर ती कटकट!" असं ओरडत अण्णा पलीकडच्या खोलीतून भिंतीवर काठी आपटायचे. जन्मात गिटारला हात न लावलेला माणूस! मीही हट्टाने वाजवतच राहायचो. ते ठोके रेकॉर्डिंगमध्ये यायचे आणि लोक म्हणायचे, "काय भन्नाट प्रयोग आहे!" त्यावरच माझं नाव झालं.

अण्णा गेले. नव्या अल्बमला ठोके तर हवेच होते. घरात मी एकटाच. गिटार खुर्चीत ठेवली, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांच्या खोलीत जाऊन त्यांच्याच काठीने भिंत ठोकली.

परत येऊन ऐकलं.



माझ्या ठोक्यांआधी कुणीतरी चाचपडत, अगदी कच्च्या हाताने गिटार वाजवत होतं, आणि पहिला ठोका पडताच निमूट थांबलं.