माळढोकाचा डोळा

सिद्धूने केळ्याची साल गवतात भिरकावली आणि हात सायकलच्या सीटला पुसले.

"कुजतंय की. नैसर्गिकच हाय," तो म्हणाला.

गुरप्पांनी मान फिरवली. पलीकडे तिघे जण अभयारण्याच्या पाटीमागे ओळीने उभे राहून लघवी करत होते. कुणाच्या तरी हँडलला अडकवलेल्या स्पीकरवर गाणं ठणठणत होतं. सकाळपासून गुरप्पांच्या घशाशी काहीतरी येत होतं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर पुन्हा गिळलं.

तक्रार कुठल्या तोंडाने करणार? आजची वाट त्यांनीच आखून दिली होती.

सोलापुरातल्या एका वाचनालयात गुरप्पांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर डॉक्टर व्यायाम करा म्हणाले, म्हणून सुनेने, रेश्माने, त्यांना आपल्या सायकल ग्रुपमध्ये आणलं. तिथे ते सगळ्यांत मागे असत, आणि गप्प. मग टॉवेलच्या कारखान्याचा मालक आणि ग्रुपचा पुढारी असलेल्या सिद्धूच्या डोक्यात एक कल्पना आली. सायकल चालवून माळढोक काढायचा. फोनमधलं ॲप आपण गेलो ती वाट नकाशावर नारिंगी रेघेने उमटवतं. अभयारण्यातल्या वाटा अशा जोडायच्या, की शेवटी त्या रेघेचा पक्षी झाला पाहिजे. ते कुणालाच जमेना. तेव्हा गुरप्पांनी घाबरत घाबरत एक कागद पुढे केला. मान, पाठ, लांब पाय, सगळं जुन्या गाडीवाटांवरून जात होतं. गवतात कुठेच शिरत नव्हतं. ग्रुपने त्यांच्यासाठी पहिल्यांदाच टाळ्या वाजवल्या.

डोळा त्यांनी काढला नव्हता. तिथे वाटच नव्हती.

डोळ्याचं सिद्धूने बघून घेतलं. पक्ष्याचं डोकं आलं की गाडीवाट सोडायची, सगळ्यांनी गवतात उतरायचं आणि एकाच जागेभोवती गरगर फिरायचं. ॲपमध्ये तिथे फिरलेल्या सगळ्यांच्या, अनोळखी माणसांच्यासुद्धा, रेघा एकावर एक बघायची सोय होती. जितक्या सायकली जास्त, तितका डोळा ठसठशीत. गोल नीट यावा म्हणून मधोमध उभं राहायला एक माणूस हवा होता. ते काम अर्थातच गुरप्पांना मिळालं.

ते सायकल हातात धरून गवतात गेले. श्रावणातलं गवत पोटरीपर्यंत आलं होतं. मध्येच उघड्या मातीचा एक तुकडा लागला, आणि त्यावर पाय ठेवता ठेवता ते थबकले. मातीत एक अंडं होतं. मुठीएवढं, शेवाळी, तपकिरी ठिपक्यांचं. घरटं नाही, काटकी नाही.

टिटवीचं असेल, असं त्यांना आधी वाटलं. पण टिटवीची तीन-चार असतात, आणि लहान. माळढोक एकच घालतो, तेही उघड्यावर. हे त्यांनी वाचलेलं होतं. पाहिलेलं काहीच नव्हतं, पक्षीसुद्धा नाही. पुस्तक चुकलं असेल. आपली नजर चुकली असेल. मागे सिद्धूने शिट्टी वाजवली. सायकली गवतात उतरू लागल्या.

चक्कर येतेय, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांनी लगेच विश्वास ठेवला असता, त्यांना उचलून सावलीत नेलं असतं आणि डोळा राहून गेला असता. असल्या सबबींवर त्यांचं आयुष्य पार पडलं होतं. पण आज सकाळपासून जे घशाशी येत होतं, ते आवाज होऊन बाहेर पडलं.

"थांबा. इथं अंडं आहे. माळढोकाचं आहे."

असावं, असं ते म्हणाले नाहीत.

स्पीकर बंद झाला. सिद्धू एक पाय जमिनीला टेकवून हसला. "काका, डोळ्याबिगर पक्षी कसा? आंधळा माळढोक टाकू का ग्रुपवर?"

"आंधळाच टाक," गुरप्पा म्हणाले.

त्यांनी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. फोटोसुद्धा काढू दिला नाही. सिद्धू पुटपुटत मागे वळला, त्याच्यामागे बाकीचे वळले. परतताना गुरप्पांनी ती केळ्याची साल उचलून खिशात कोंबली, आणि गावापर्यंत ते सगळ्यांच्या पुढे होते.

संध्याकाळी रेश्माने ते चित्र नकाशासकट फोनवरून जगाला दाखवलं. बिनडोळ्याचा नारिंगी पक्षी, आणि खाली डोळा का नाही त्याची हकिकत. आमच्या अप्पांनी वाचवलेलं अंडं. जागेचं नाव तिने मुद्दाम लिहिलं नव्हतं, आणि ते अप्पांना दोनदा सांगितलंही. आठवडाभर कुठली कुठली माणसं त्यांना अप्पा म्हणून नमस्कार लिहीत होती. गुरप्पा चष्मा लावून ते वाचत. वाचून बरं वाटतं, याची त्यांना थोडी लाजही वाटे.

पुढच्या रविवारी पाय दुखत होते म्हणून ते घरीच राहिले. ग्रुपही माळावर गेला नाही. संध्याकाळी रेश्मा फोन हातात धरून त्यांच्या खोलीच्या दाराशी आली. तिने सांगितलं. आज बार्शीचे आले होते, लातूरचे आले होते, पुण्याहून तर गाड्यांवर सायकली बांधून आले होते. सगळे कॅमेरे घेऊन. नकाशात डोळा कुठे नाही, एवढं बघितलं की त्यांना जागा सापडत होती.

तिने फोन पुढे केला. गुरप्पांनी चष्मा पुसून पाहिलं. पक्ष्याची मान, पाठ, पाय गेल्या रविवारइतकेच फिकट होते. डोक्यात मात्र, ते जिथे उभे राहिले होते तिथे, गिरवून गिरवून गडद केलेला डोळा उमटला होता, आणि त्याच्या मधोमध टिंबाएवढीही जागा कोरी उरली नव्हती.