पहिला हार

“यंदा हार सगुण घालतलो,” गोकुळदास म्हणाले. “तुका त्रास नको, इस्माईल.”

इस्माईलभाईंच्या हातात केळीच्या पानात बांधलेला झेंडूचा हार होता. डिचोलीजवळच्या त्या खाणीच्या प्रयोगशाळेत खनिज भरडायचं यंत्र अठरा वर्षं तेच चालवत होते. दर खंडेनवमीला ते यंत्र धुऊन पुसायचे आणि त्यावर पहिला हार घालायचे. आरती सुरू होण्याआधी मात्र बाहेर जाऊन उभे राहायचे. प्रसादाला पुन्हा आत.

गेल्या वर्षी नव्यानेच नोकरीला लागलेल्या कमलाक्षीने त्यांना असं बाहेर जाताना पाहिलं. तिला वाटलं, बिचारे मनाविरुद्ध करताहेत सगळं. त्यांनाच विचारायचं तर संकोच वाटला. म्हणून मागच्या आठवड्यात ती प्रयोगशाळेचे प्रमुख गोकुळदास यांच्याकडे गेली.

“त्यांचा धर्म वेगळा आहे, सर. पूजेची सक्ती नको. आपण त्यांचा मान राखायला हवा.”

गोकुळदासांना लगेच पटलं. इतक्या लगेच, की ती खूश झाली होती.

आता इस्माईलभाई तिच्याकडे वळले. “बाय, तुमका ठाऊक आसा? माजा काय चुकला?”

“काही नाही हो. उलट...”

“हार बायलेन ओवलो. पहाटे उठान.” त्यांनी पुडा टेबलावर अलगद ठेवला आणि ते बाहेर गेले. आरतीला अजून अर्धा तास होता.

प्रयोगशाळेतल्या मदतनीस सगुणने बाजारचा हार यंत्रावर चढवला. कुणीतरी घंटा शोधत होतं. कमलाक्षीने गोकुळदासांना बाजूला गाठलं.

“सर, चूक माझी झाली. मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांना बोलवा ना आत.”

“आता कसं बोलवणार? मोठ्या साहेबांनाही तुझं म्हणणं आवडलं. पुढच्या वर्षीपासून प्रसादाचाही आग्रह करायचा नाही त्याला.”

“पण अठरा वर्षं ते...”

“तेच तर!” गोकुळदासांनी कौतुकाने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “अगो, अठरा वर्षं आमच्या मनात हेच होतं. इतक्या चांगल्या शब्दांत सांगणारं कोणी मिळत नव्हतं.”