लाओशींचा बाक

ताइनानच्या इस्पितळात भूल देणाऱ्या डॉक्टर याओबाईंपुढे आज त्यांचे निवृत्त गुरुजी, झोपेतही चुका काढणारे त्साय लाओशी, पित्ताशय काढून घ्यायला आडवे पडले होते. श्वासनलिकेत सरकवायच्या नळीतल्या तारेला बाईंनी घशात डोकावणाऱ्या कॅमेऱ्याच्या पात्यासारखाच गोल बाक दिला होता. तो चुकला, तर पडद्यावर वाट लख्ख दिसते, पण नळी तिथवर पोचत नाही आणि इकडे श्वास खोळंबतो.

लाओशींनी तार मागून घेऊन डोळ्यांपुढे धरली. "अगं, हा काय मासे धरायचा गळ आहे? सरळ कर ती. नुसतं टोक वर. काय शिकवलं होतं मी?"

"चुकलंच, लाओशी," म्हणत बाईंनी तार निमूटपणे सरळ केली. भुलीनं गुरुजींचा डोळा लागला, तशी पुन्हा होती तशी वाकवली. नळी अलगद आत गेली.

शुद्धीवर येताच लाओशींनी घोगऱ्या आवाजात पहिलं काय विचारलं असेल, तर, "गेली ना माझ्या बाकानं?"

"पहिल्याच खेपेला, लाओशी. अगदी तुमच्याच बाकानं."



"शाबास," लाओशी डोळे मिटून हसले. "माझे गुरुजी शुद्धीवर आले, तेव्हा मीही त्यांना हेच सांगितलं होतं."