गुरुबसवचं भांडवल

गुरुबसवने खिशातून रुमाल काढला आणि आई मारली.

"मी धा वर्सांचा असताना गेली ओ," तो चन्नम्माला म्हणाला. "आता तुमीच माझी अव्वा."

सत्तरीच्या बाईला पहिल्या तासाभरात आई करून टाकायची, ही त्याची नेहमीची पद्धत. जमिनीच्या दलालीत त्याला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्यात त्याची आई निदान वीस घरांत मेली होती. ज्या घरात साखरेचा आजार, तिथे ती साखरेने मेली. जिथे लेक सासरहून परत आलेली, तिथे ती सासुरवासाने मेली. सही करताना मालकाचे डोळे ओले असले पाहिजेत, एवढंच या गृहस्थाने धंद्यात शिकून घेतलं होतं. खरी आई, बसम्मा, त्या वेळी नौबादच्या घरात भाजी निवडत होती आणि मुलगा जेवायला येईल म्हणून वाट बघत होती.

चन्नम्माचं रान बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांना लागून होतं. आजूबाजूचं सगळं विकून झालं, तिचंच राहिलं होतं. विकायला तिचीही ना नव्हती. पण तिच्या नवऱ्याला, रेवणसिद्धप्पाला, लिंगायतांच्या रीतीने त्या रानातच माती दिलेली होती. दर सोमवारी ती समाधीवर पाणी घालून विभूती लावून यायची. नवऱ्याच्या अंगावरून जेसीबी फिरू नये, बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

"समाधीला हात लावत न्हाई. भवती बाग करतो," गुरुबसव म्हणाला आणि त्याने नकाशा पसरला. नकाशात समाधीच्या बरोबर वरून तीस फुटी रस्ता गेला होता. पण नकाशा इंग्रजीत होता, त्यामुळे त्याला चिंता नव्हती.

मग त्याने स्वतःचं चरित्र काढलं. "उदगीरला मोटरसायकली विकल्या, मग विमा विकला. पर जिमिनीचा धंदा मी दुसऱ्याच्या रानात सुरू केला न्हाई, अव्वा. पैला लेआउट आमच्या चिंताकीला, बापाच्या चार एकरांत. वीतभर जागा ठेवली न्हाई, सगळे प्लॉट पाडून विकले. आदी आपलं विकलं, मगच लोकाच्या दारात गेलो."

हे तो छाती काढून सांगायचा. ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

चन्नम्मालाही पटलं. तिने पेन हातात घेतलं. सही करायला वाकली आणि तिला त्या दहा वर्षांच्या पोराची मनापासून दया आली.

"तुझ्या अव्वाला माती कुठं दिली रे?"

"आमच्याच रानात की. दुसरीकडं कुठं देनार?"

लिंगायताच्या पोराला दुसरं उत्तर सुचणार तरी कसं? बोलून झाल्यावर त्याला कळलं.

"चिंताकीच्या रानात?"

"व्हय."

"मग वीतभर ठेवलं न्हाई म्हनालास की आत्ता. अव्वा कुनाच्या प्लॉटात गेली?"

आईची समाधी विकणारा म्हणून या घरातून बाहेर पडलं, तर बिदर तालुक्यात एकही लिंगायत त्याला ओसरीवर चढू देणार नव्हता. त्यापेक्षा खोटारडा ठरलेलं परवडलं. त्याने झटकन हिशेब केला आणि मोठ्याने हसला.

"न्हाई ओ अव्वा! खरं सांगू का, ती जित्ती हाय. नौबादला माझ्याच घरी हाय. धंद्यात बोलावं लागतंय असं कायबाय. मी समाधी-बिमाधी काई विकली न्हाई!"

आरोपातून निर्दोष सुटल्यासारखा तो तिच्याकडे बघू लागला. वर निर्लज्जासारखा कागदही त्याने तिच्याकडे सरकवला.

चन्नम्माने पेनाला टोपण लावलं.

"जित्त्या अव्वाला माती देतूस," ती म्हणाली, "मग माझ्या मेलेल्या मानसाला मातीत ऱ्हाऊ देशील व्हय रे?"