धाक नसताना

“मॅडम, दहा दिवस अँटिबायोटिक घालायचंच राहिलं,” ऋजुता हातातल्या जिवाणूंच्या फ्लास्ककडे बघत पुटपुटली.

खांबेटे मॅडमच्या कपाळाला आठ्या पडल्या. शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांचं प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या पोटातलं डीएनएचं इवलंसं कडं, पेशीत एखाददुसरंच. ते हरवलेली पेशी अँटिबायोटिकने मरते. तो धाकच नसेल, तर हे ओझं कोण सांभाळेल? पण वीस वर्षं मॅडम एकट्याच म्हणत होत्या, की ते पेशीची वेळ पाळतं. ती दुभंगण्याआधी स्वतःची प्रत काढतं आणि दोन्ही लेकींना एकेक मिळतं.

“ओतून टाकू नकोस,” त्या म्हणाल्या. “साध्या प्लेटवर वाढव, मग एकेका पेशीपासून वाढलेले दोनशे ठिपके अँटिबायोटिकच्या प्लेटवर लाव.”

गुरुवारी दोनशेचे दोनशे ठिपके वाढले होते. ऋजुताने तीनदा मोजले. “धाक नव्हता मॅडम, तरी एकानंही प्लास्मिड टाकलं नाही.”

“बरं झालं विसरलीस,” मॅडम म्हणाल्या, आणि असं म्हणताना त्यांचं त्यांनाच हसू आलं.

सोमवारी किल्ल्या परत द्यायला आलेल्या मॅडम दारातच थबकल्या. आत ऋजुता एकटीच होती. ओरडायला कुणी नव्हतं. तरी केस घट्ट बांधून ती प्रत्येक प्लेटवर तारीख लिहीत होती, झाकणावर नाही, तळावर. झाकणांची अदलाबदल होते, हे मॅडमनी तिला पाच वर्षं रागावून सांगितलं होतं.

किल्ल्या शिपायाकडे ठेवून त्या पावलं न वाजवता परत फिरल्या.